'जैसे थे' म्हणायचं राहिलं

मामा, मी ज्यांचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे ते तुम्ही. हवालदार बाबूराव म्हणून गाव तुम्हाला ओळखत होतं. मी नुसतं 'मामा' म्हणत आलो आणि आता या शब्दाला ओ देणारं कोणी उरलं नाही.

काल तुमचं तेरावं झालं. मामी आत जरा आडवी झाली आहे. मी ओसरीवर तुमच्या खांबाला टेकून बसलो आहे. समोर माळावर ऊन पडलं आहे आणि तिथं आबा पाटलांची गुळाची मोठी काहील घासून पालथी घातलेली इथून दिसते. लोक म्हणाले, भाचा बी. ए. झालाय, सांगलीत मास्तर आहे, त्यानं हवालदारांवर चार शब्द लिहावेत. लोकांसाठी लिहायचं तर पलटण, पदक, पेन्शन असं लिहावं लागेल. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. आपला वाद अर्ध्यावर राहिलाय, मामा.

तुम्ही मला माण तालुक्यातून घेऊन आलात, त्या सकाळचं आठवतं? ओळीनं पाऊस चुकलेली वर्षं होती. वडील मुंबईला गिरणीत गेले आणि तिकडंच वारले. तुम्ही दारात आलात तेव्हा आई दळत होती, पण जात्याचा आवाज बाहेर येत नव्हता. तुम्ही वाकून पाहिलंत. जात्याखाली गोधडी दुमडून घातली होती.

"हे काय गं आक्का?"

"हळू बोल. घरघर ऐकली की शेजारीण पीठ मागाया येती. तिची बी चूक न्हाई, पन मी कुठनं देऊ?"

तुम्ही माझं बोचकं उचललंत. वाटेत, दहिवडी सोडल्यावर, मला म्हणालात, "शंकऱ्या, तुझी आई वाईट न्हाई, बरं का." मी ते कधी म्हटलंच नव्हतं. पण तुमच्या मनात गोधडी राहिली होती, आणि माझ्याही.

मग तुमच्या ओसरीवरची शाळा सुरू झाली. पाटीवर अक्षर चुकलं की तुम्ही ओरडायचात, "जैसे थे!" पलटणीतला तो हुकूम. पाय चुकला, बंदूक चुकीच्या खांद्यावर गेली की 'जैसे थे', म्हणजे आधी होता तसा हो, पुन्हा पहिल्यापासून. मी पाटी पुसायचो. मामीच्या कालवणात मीठ जास्त पडलं तरी तुम्ही 'जैसे थे' म्हणायचात आणि मामी म्हणायची, "आता मीठ काय मागं फिरतंय व्हय?" सगळ्या गावाला तो शब्द तुमच्यामुळं पाठ झाला. बैल चुकीच्या वाटेला लागला तरी पोरं 'जैसे थे' म्हणून ओरडायची.

मॅट्रिकच्या परीक्षेला तुम्ही मला साताऱ्याला घेऊन गेलात आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाशी, पलटणीत उभं राहावं तसे उभे राहिलात. दुसऱ्या मुलांचे बाप झाडाखाली बसून तंबाखू मळत होते. मी म्हटलं, मामा, बसायचं होतं. तुम्ही म्हणालात, "तू आत झुंजतोयस, मी बसू कसा?" पुढं सांगलीला कॉलेजात घातलंत. पदवीच्या गाऊनमधला माझा फोटो पाहून मामीला म्हणालात, "ह्यो झगा उलटा तर न्हाई ना घातला यानं?" आणि मग परसात गेलात. बराच वेळ आला नाहीत.

हे सगळं आभाराचं झालं. आता वादाचं.

यंदा नागपंचमीला मी गावी आलो. आपल्याकडं आभाळ उघडं होतं, बायका झोके बांधत होत्या, आणि नदी चढत होती. वर मेढ्याकडं, जावळीच्या डोंगरात पाऊस कोसळत होता. त्याचं पाणी आपल्या कृष्णेला उन्हात चढत आलं. तुम्ही घाटाच्या पायरीवर काठी रोवलीत, थोड्या वेळानं गेलात तर काठी नव्हती. पलीकडच्या काठावरचं सांगली संस्थानातलं गाव पाण्यात बेटासारखं दिसायला लागलं. दुपार कलायच्या आत आख्खं गाव शाळेच्या माळावर होतं. खालची, गावकुसाबाहेरची वस्ती तर सकाळीच पाण्यात गेली होती. ती माणसं सगळ्यांत आधी माळावर आली होती आणि तरी शाळेच्या पडवीपासून लांब, बाभळीखाली उभी होती. पडवी रिकामी असताना.

तुम्ही ते पाहिलंत, पण आधी चूल केलीत. माळावर चर खणायला लावलात आणि आबांच्या गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील आणवलीत. आबा, म्हणजे तुमचे थोरले चुलतभाऊ आणि गावचे पाटील, त्यांनी 'घेऊन जावा' म्हणायला क्षणाचाही वेळ लावला नाही. हे मला आज मुद्दाम लिहावंसं वाटतं. त्या दिवशी कोणीच वेळ लावला नाही. ज्याच्याकडं जोंधळा होता त्यानं पोतं आणलं, आणि जातं घेऊन आलेल्या बायका उघड्यावर, माळावर, कण्या भरडत बसल्या. एवढी जाती एकदम वाजताना मी जन्मात ऐकली नव्हती. मला आईची गोधडी आठवली.

कण्या शिजल्या तसे लोक सवयीनं मांडी घालून पंगतीला बसायला लागले. आबा म्हणाले, "बाबू, आधी आपली पंगत उठू दे. मग त्या बाभळीखाली वाढू."

"आबा, पंगतीला पत्रावळी लागत्यात, वाढपी लागत्यात. हायती?"

"पुरात कुठनं आनू?"

"मग ह्यो लंगर हाय, पलटनीतल्यावानी. लंगरात पंगत नसती, लाइन असती. जो आला तो मागं हुबा ऱ्हायाचा. चला, फालन! रांगेत हुबं ऱ्हावा!"

"आन् पाटलानं बी लाइनीत हुबं ऱ्हायाचं व्हय रं?"

"पाटलानं काहिलीपाशी ऱ्हायाचं. काहील तुमची हाय. करपली तर तुमचीच करपंल."

लोक हसले. आबाही हसले, फेटा काढून ठेवला आणि लांब दांड्याचं उलथणं हातात घेतलं. लाइन लागली. बाभळीखालची माणसं मात्र हलली नाहीत. तेव्हा तुम्ही तिथं चालत गेलात. खालच्या वस्तीतला सखाराम, लढाईवर जाऊन आलेला, तुम्हाला म्हणाला, "हवालदार, उद्या पानी उतरल्यावर ह्याच लाइनीचं खापर आमच्या डोक्यावर फुटंल. आमाला म्हाईत हाय." तुम्ही पलटणीच्या भाषेत ओरडलात, "सखाराम, फालन!" आणि पलटणीत घालवलेल्या वर्षांनी त्याचे पाय आपोआप जुळले. त्याचं त्यालाच हसू आलं. तो आला, मागून बाकीचे आले.

गोदाआज्जीनं सगळ्यांत मोठी गंमत केली. "आवं हवालदार, माझ्या गुडघ्याला तुमचं फालन कळत न्हाई," म्हणाली आणि आपली जर्मनच्या पत्र्याची थाळी लाइनीत जमिनीवर ठेवून सावलीला जाऊन बसली. लाइन पुढं सरकली की मागचा माणूस पायानं तिची थाळी पुढं ढकलायचा. तुम्ही ते मंजूर केलंत. "थाळी ठिवली म्हंजी मानूस ठिवला." दुसऱ्या दिवशी माणसांऐवजी थाळ्यांचीच लाइन लागली. पाटलीणबाईंची कल्हईची, तिला खेटून सखारामाच्या आईची चेपलेली, मग आणखी कोणाची. त्या एकमेकींना लागत होत्या आणि कोणी त्या विटाळ म्हणून धुवायला नेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी चुलीपाशी आपला वाद सुरू झाला. तुम्ही म्हणालात, "बघ शंकऱ्या, मानूस वाईट नसतंय. त्याला फकस्त कुनीतरी लाइन लावून द्यायला लागती."

मी नवा पदवीधर. मी म्हटलं, "मामा, हे तुमच्या हुकमानं झालं नाही. नदीनं सगळ्यांचं एकदम नेलं, म्हणून झालं. माणात दुष्काळ एकेका घरात वेगवेगळा शिरतो. कोणाची मेंढरं आधी मरतात, कोणाचं धान्याचं पेव आधी संपतं. ज्याचं संपलं नाही तो दार लावून घेतो. तिथं तुम्ही कितीही फालन म्हणा, आईनं जात्याखालची गोधडी काढली नसती."

"कुनी लावून बघितली व्हती का तितं लाइन?"

 मग तुम्ही सरहद्दीवरच्या एका शहराचं सांगितलंत. तुम्ही तिथं पलटणीत होता, आणि पहाटे भूकंपानं शहर झोपलेलं तसंच गाडलं. तुम्ही म्हणालात, पूर सांगून येतो, भूकंप उठवत पण नाही. जी वाचली ती घरांपासून लांब पळाली नाहीत, उलट आपल्याच ढिगाऱ्यावर जाऊन बसली, हलवली तरी हलेनात. पठाण, पंजाबी, सिंधी, कोणी गोरा साहेब पायजम्यावर. पाण्याची टाकी आली तेव्हा तुम्ही त्यांची लाइन लावलीत. कोणी कोणाच्या हातचा पेला हे विचारलं नाही. एक पठाण बाई आपल्या मुलाला पाजायच्या आधी मागच्या शेठजीला पेला द्यायची, कारण तो थरथरत होता. "आन् मग थोड्या दिसांनी तंबू आलं," तुम्ही म्हणालात. "ह्यांचं तंबू हिकडं, त्यांचं तिकडं. पान्याच्या टाक्या बी येगळ्या. जमीन हलत व्हती तवर सगळी एक व्हती."

मी विचारलं, "मग ती लाइन मोडली कोणी?"

तुम्ही उठलात. जाळ बघून येतो म्हणालात. जाळ चांगला लागलेला होता.

पाणी उतरलं. मागं राहिला गाळ, कुजलेल्या उसाचा वास आणि मेलेली जनावरं. ती जनावरं ओढायला गावानं कोणाला हाक मारली, हे सांगायला नको. आठवडाभर ज्यांच्या थाळीला थाळी लागली होती, त्यांनाच. तरीही लाइन चालू होती, कारण खालच्या वस्तीला उतरायला जागाच राहिली नव्हती. नदीनं ती जमीनच कापून नेली होती.

मी सांगलीला परतायच्या आदल्या दिवशी शाळेपुढं बैठक झाली. आबा म्हणाले, "बाबू, पूर गेला. लोक घरी निघालं. माळ गायरान हाय, जनावरास्नी चारा पायजे. ज्याचं त्यानं आपल्या जाग्यावर जावं. तुझाच शब्द हाय, गड्या. जैसे थे!"

गाव हसलं. मामा, तुमचा शब्द तुमच्यावरच उलटलेला मी तेव्हा पाहिला. तुमचा चेहरा उतरला.

सखाराम मागून म्हणाला, "बघा हवालदार. बोल्लो हुतो का न्हाई? आमचं जैसे थे म्हंजी नदीच्या तोंडात. हुकूम तुमी दिला, लाइनीत आमी आलो. आता तुमचा हुकूम संपला तर आमी जायाचं कुठं?"

तुम्ही उभे राहिलात. टाचा जुळवलेल्या. "हुकूम ज्यानं दिला त्यानंच मागं घ्यायाचा असतो. खालच्या वस्तीची घरं ह्या माळावर हुबी ऱ्हाईपातुर लंगर चालंल, लाइन चालंल. मी 'जैसे थे' म्हनलेलं न्हाई."

"आन् काहील माझी हाय, ती?" आबांनी विचारलं.

"तुमी पुरात दिलीसा आबा. पुराचं काम संपलं की घासून दिऊ."

मोटार बंद होती, म्हणून तुम्ही मला बैलगाडीनं नदीपर्यंत सोडायला आलात. मी म्हटलं, "मामा, असं अडून बसून होत नाही. आबा वाईट नाहीत, तुम्हीच म्हणता. घरोघर जाऊन समजूत घाला. मामलेदारांकडं अर्ज करा. हुकमानं लागलेली लाइन हुकमाबरोबर मोडते." तुम्ही म्हणालात, "तू पुस्तकं वाचलीस, मी मानसं." मी रागावलो. "पुस्तकं वाचायला तुम्हीच पाठवलंत," असं म्हटलं आणि होडीत बसलो. तुम्ही काठावर उभे होता. हात वर केला नाहीत, आणि मीही केला नाही.

सांगलीत पूर आणखी वेगळा दिसला. बाजारातला गाळ निघायच्या आत दुकानांच्या फळ्या उघडल्या. सभा झाल्या, आणि पुढच्या खुर्चीवर कोण बसायचं यावरून दोन भल्या माणसांत बोलाचाली झाली. पण त्याच सभेतून तीन मारवाडी, तालमीतले दोन मुसलमान पहिलवान आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर उठून गाळात उतरले, आणि संध्याकाळी घाटावर एकाच नळाला हातपाय धुताना मी त्यांना पाहिलं. शहराला कोणी लाइन लावली नव्हती. तुम्हाला हे सांगायचं होतं. माझ्या बाजूचा पुरावा म्हणून सांगायचं होतं, हेही खरं.

मग बाजाराला आलेल्या आपल्या गावच्या माणसाकडून कळलं, घरी गेलेली भावकी लंगराला यायची बंद झाली. काहिलीपाशी कोणी नाही. मामी ढवळते. खालच्या वस्तीतले लोक आणि सगळ्यांत शेवटी हवालदार, आपली थाळी घेऊन, भिजत, लाइनीत उभे असतात. "घरात चूल हाय, बायकू हाय, तरी मानूस लाइनीत जेवतंय. डोस्कं फिरलंय म्हनत्यात लोक." ऐकलं आणि मी त्याच दिवशी तुम्हाला पत्र घातलं.

पत्राचं उत्तर आलं नाही. तुमच्या तापाची तार आली. मी पोचलो तेव्हा तुम्ही बोलण्यापलीकडं गेला होता. हात गरम होता, एवढंच.

तेराव्याला काय होणार याची धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती. आबांचा निरोप आला, गोडाचं जेवण आहे, पंगती रीतीप्रमाणं बसतील, वस्तीला मागून वाढता येईल. नाहीतर भावकीतलं कोणी येणार नाही. तुमचं तेरावं, आणि भावकीवाचून! मी मामीला म्हटलं, "मामी, ते गेले. आज वाद नको." खरंच म्हटलं, मामा. मामीनं लापशीचा गूळ फोडता फोडता वर पाहिलं.

"शंकर, त्यांनी 'जैसे थे' म्हनलं का?"

"नाही."

"मग?"

माळावर काहील चढली. सखारामानं, त्याच्या आईनं, वस्तीतल्या सगळ्यांनी थाळ्या लाइनीत ठेवल्या. मामीनं तुमची थाळी सगळ्यांच्या शेवटी ठेवली. भावकी आली, पण नांगराच्या तासासारखी पलीकडं सरळ उभी राहिली.  लापशी खदखदत होती आणि ढवळायला कोणी नव्हतं, कारण मामीला आज रीतीनं पुढं यायचं नव्हतं आणि मला काही सुचत नव्हतं. बुडाशी लागल्याचा वास यायला लागला.

आबा काठी टेकत पुढं आले. मला वाटलं, आता काहील उचलायला सांगतात. त्यांनी तुमच्या थाळीकडं बराच वेळ पाहिलं. मग मामीला म्हणाले, "बाई, आता 'जैसे थे' म्हनायाचा अधिकार कुनाचा?"

मामी पदराआडून म्हणाली, "कुनाचाच न्हाई, आबा. म्हननारा गेला."

"अस्सं." आबांनी फेटा काढून माझ्या हातात दिला. "काहील माझी हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "करपली तर माझीच करपंल." आणि उलथणं हातात घेतलं.

ते लाइनीत उभे राहिले नाहीत. जेवलेही नाहीत. पण शेवटच्या थाळीपर्यंत तेच ढवळत होते. पाटलीणबाईंनी आपली कल्हईची थाळी आणून सखारामाच्या आईच्या मागं ठेवली. भावकीतले निम्मे आले, निम्मे तसेच घरी गेले. माळावर वस्तीच्या दोन भिंती उभ्या आहेत. पुढच्या महिन्यात मामलेदार येणार आहेत, आणि आबा त्यांच्यापुढं काय बोलतील हे मला आजही माहीत नाही. लाइन तेवढी अजून मोडलेली नाही. यात तुमचं खरं ठरलं की माझं, मला सांगता येत नाही. तुम्ही असता तर आपण यावरही भांडलो असतो.

काल सगळे गेल्यावर सखाराम थांबला. म्हणाला, माझं पत्र तुम्ही तापात असताना आलं, मामीला वाचता येईना म्हणून त्याला बोलावलं. त्यानंच तुम्हाला वाचून दाखवलं. "त्या भूकंपाच्या गावाचं तुमी जे लिवलंय न्हवं, तितं त्यांनी हात वर केला. परत वाच म्हनाले. मी परत वाचलं. मग डोळं मिटून मान हलवली, व्हय म्हनल्यागत."

म्हणजे तुम्ही मला उत्तर देऊन गेलात. ते पत्र मामीनं मघाशी, आडवी व्हायच्या आधी, माझ्याकडं दिलं. जसं होतं तसं खाली उतरतो.

"ती. मामांस, शंकरचा सा. न. वि. वि.

तुम्ही पावसात उभे राहता असं कळलं. घोंगडं घेत जा. काठावर मी रागानं बोललो, पण मत माझं तेच आहे. समजूत घातल्याशिवाय टिकत नाही. सांगलीत मी काय पाहिलं ते भेटीत सांगेन, तुम्हाला ते आवडणार नाही.

एक विचारायचं राहिलं. भूकंपाच्या त्या शहरात लाइन कोणी मोडली, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मला वाटतं, हुकूम वरून आला असेल, पण उभ्या लोकांपुढं 'जैसे थे' तुम्हालाच म्हणावं लागलं असेल. तसं असेल तर मामा, यावेळी म्हणू नका. माझं मत काही का असेना.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर निघतो. मामीला सांगा, माझी थाळी लाइनीत ठेवून दे. शेवटची तुमची. तिच्या पुढं माझी.

आपला आज्ञाधारक,
शंकर"